रात्री काढलेलं रक्त

(भंडारा जिल्ह्यातील एका सार्वजनिक वाचनालयाच्या स्मृती व्याख्यानमालेत फेब्रुवारी महिन्यात दिलेलं व्याख्यान. छापताना बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे.)



व्याख्यानमाला कुणाच्या नावानं असावी, याचा आपल्याकडे एक साचा ठरलेला आहे. प्राचार्य असतात, स्वातंत्र्यसैनिक असतात, एखादे माजी आमदार असतात. ही व्याख्यानमाला लोकांच्या बोटाला सुई टोचत फिरलेल्या माणसाच्या नावानं आहे. भाऊ हत्तीरोग पथकात होते. गावोगावची पोरं त्यांना ‘रातवाले भाऊ’ म्हणायची, आणि कुत्री तर त्यांच्या सायकलचा आवाजच ओळखायची.

मी वैद्यकीय अधिकारी म्हणून नवा नवा आलो होतो, तेव्हा एका रात्री त्यांच्याबरोबर गेलो. पवनीकडचं गाव होतं. उन्हाळा लागलेला, खाटा अंगणात आलेल्या. भाऊंच्या खांद्याला कापडी पिशवी. आत काचपट्ट्या ठेवायची खाचांची लाकडी पेटी, स्पिरिटची बाटली, कापसाचे बोळे, सुया, एक पेन्सिल आणि हातानं रेघा मारलेली वही. आम्ही सातलाच पोचलो होतो, पण साडेआठ वाजेपर्यंत त्यांनी एकाही दाराची कडी वाजवली नाही. शाळेच्या ओट्यावर बसून राहिले. मला भूक लागलेली, डास चावत होते, आणि हा माणूस घड्याळ बघत बसलाय! मला वाटलं, ही सरकारी कामाची गंमत आहे.

पहिल्याच घरी एका आजीनं त्यांना फैलावर घेतलं. “चोरावानी रातच्याला कायले येतेस रे बाप्पा? दिवसा रगत नाही का आमच्या अंगात?”

भाऊ म्हणाले, “रगत आहे आजी, पण किडा दिवसा झोपते. रातच्याला उठते. मी त्याच्या टायमावर येतो.”

मंडळी, वैद्यकीय महाविद्यालयात हेच मला परजीवीशास्त्राच्या तासाला इंग्रजीत शिकवलं होतं, आणि परीक्षेनंतर मी ते विसरून गेलो होतो. आजीला ते एका वाक्यात कळलं. तिनं बोट पुढं केलं.

आता हा किडा काय आहे ते सांगतो. नाव वुचेरेरिया बँक्रॉफ्टी. मादी आठ-दहा सेंटिमीटर लांब, दोऱ्यासारखी. माणसाच्या लसिकावाहिन्यांत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या जोडीनं जाणाऱ्या त्या दुसऱ्या बारीक नळ्यांत, ती वर्षानुवर्षं राहते आणि हजारोंनी पिल्लं सोडत असते. एक पिल्लू पाव मिलिमीटरपेक्षा थोडंसं लांब. दिवसा ही पिल्लं फुफ्फुसाच्या खोल रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री हातापायांच्या कातडीजवळच्या रक्तात येतात. कारण त्यांना पुढं नेणारा डास रात्री चावतो. दिवसा रक्त तपासलं तर माणूस कोरा निघतो आणि रात्री बारा वाजता त्याच माणसाच्या थेंबात जत्रा भरलेली असते. अलीकडे दिवसाही चालणारी पट्टी निघाली आहे, बोटाच्या थेंबावर किड्याची खूण सापडते. पण भाऊंच्या काळी रात्रीला पर्याय नव्हता.

त्या रात्री भाऊंनी मला एक ओला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. टॉर्चच्या उजेडात आरसा फिरवून. आधी नुसत्या लाल पेशी दिसल्या. मग एका कोपऱ्यात पेशी आपोआप ढकलल्या जाताना दिसल्या, गर्दीतून कुणी कोपरानं वाट काढावी तशा. आणि मग ते दिसलं. पारदर्शक, चाबकासारखं वळवळणारं, पण जागेवरून न हलणारं. मी विचारलं, हे रक्त कुणाचं? भाऊंनी वहीत बोट ठेवलं. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा. पाय माझ्यापेक्षा सरळ. त्याच आठवड्यात तालुक्याला कबड्डी खेळून आलेला.

हा मुलगा मी आजवर विसरलो नाही. त्याच्याकडे आपण परत येणार आहोत.

या रोगाच्या इतिहासात एक चूक फार मजेची आहे, म्हणून ती सांगण्याचा मोह आवरत नाही. १८७२ मध्ये कलकत्त्यात टिमोथी लुइस नावाच्या डॉक्टरला माणसाच्या रक्तात ही पिल्लं सापडली. १८७७ मध्ये चीनच्या अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सनला कोडं पडलं, की ही पिल्लं बाहेर कशी पडतात? त्यानं आपल्या माळ्यालाच, ज्याच्या रक्तात पिल्लं होती त्याला, डासांच्या खोलीत झोपवलं. सकाळी भिंतीवरचे फुगलेले डास पकडले आणि रोज एकेक फाडून बघितला. डासाच्या पोटात पिल्लू वाढत होतं. डास माणसाचा रोग वाढवतो हे जगात पहिल्यांदा कळलं ते हत्तीरोगात. हिवतापातल्या डासाचा शोध रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत लागला तो २० ऑगस्ट १८९७ ला, वीस वर्षांनंतर, आणि तोही मॅन्सनच्याच सांगण्यावरून शोधायला लागल्यामुळे.

पण मॅन्सन अर्ध्या वाटेत चुकला. त्याला वाटलं, डास आयुष्यात एकदाच रक्त पितो आणि पाण्यावर जाऊन मरतो; ते पाणी माणूस पितो आणि किडा पोटात जातो. ही चूक दुरुस्त व्हायला १९०० साल उजाडलं. डासाच्या सोंडेत किडा तेव्हा दिसला; तिथून तो कातडीवर उतरतो आणि डासानंच पाडलेल्या छिद्रातून आत शिरतो, हे पुढं कळलं.

पुस्तकातली चूक दुरुस्त झाली. आपल्याकडे मात्र ती अजून नांदते आहे. ‘त्या गावचं पाणीच तसं आहे, तिथली सोयरीक नको’, ‘त्या विहिरीचं पाणी प्यायल्यानं पाय सुजला’, ‘तळ्याकाठचं गाव, हत्तीपाय असणारच’. हे मी भंडाऱ्यात, साकोलीत, लाखांदुरात, शिकल्यासवरल्या लोकांच्या तोंडून ऐकलेलं आहे. पाणी पिऊन हा रोग होत नाही. पाणी थांबवून ठेवल्यानं होतो. माझं आजचं सगळं बोलणं या दोन क्रियापदांच्या मधलं आहे.

आपला जिल्हा तलावांचा. कोहळी समाजानं शेकडो वर्षांपूर्वी उतार हेरून पाळी घातल्या, पाणी सोडायचे तुडूम बसवले, सांडव्यांची जागा अशी निवडली की आजचा इंजिनिअर बघत राहील. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, तलाव सरकारकडे आले आणि ‘माजी मालगुजारी’, म्हणजे आपले ‘मामा तलाव’ झाले. मामा म्हटलं की भाच्यांनी हक्कानं लुटायचं, तसंच झालं. पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. माझा मुद्दा असा, की डास म्हटलं की आपण बोट तलावाकडे दाखवतो, आणि तो तलावावर अन्याय आहे. जिवंत तलावात लाटा असतात, मासे असतात, चतुराच्या अळ्या असतात, बेडकाची पिल्लं असतात. डासाची अळी तिथं चार दिवस टिकणं कठीण. गाळानं भरलेला, बेशरमच्या झुडपांनी वेढलेला, गावची नाली ज्याच्यात सोडली आहे असा तलाव डासांचा होतो. पण तो तसा आपण केला. वैनगंगेचं उदाहरण घ्या. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून अंभोऱ्याला वैनगंगेत येतं. खाली गोसीखुर्द धरणानं पाणी अडलेलं. नदीवर हिरवा गालिचा पसरला की लोक नदीला नावं ठेवतात.

हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास फार निवडक आहे. त्याला तुमचा तलाव नको. त्याला आंघोळीचं, धुण्याभांड्याचं, शेवाळलेलं, कुजका वास येणारं पाणी लागतं. हाताच्या ओंजळीएवढं असलं तरी चालतं, पण ते हलता कामा नये. तो दीड-दोनशे अंडी एकदम घालतो, एकमेकांना चिकटवून, छोट्या होडीसारखी. ही होडी उघड्या डोळ्यांनी दिसते; उद्या सकाळी तुमच्या मोरीच्या मागं बघा, काजळाचा कण तरंगावा तशी दिसेल. आठ-दहा दिवसांत त्या एका कणातून शंभराहून जास्त डास उडतात.

आता थोडा हिशेब करू. जल जीवन मिशननं दर माणशी दर दिवशी ५५ लिटर पाण्याचं माप ठरवलं. पाच माणसांच्या घरात २७५ लिटर. पिण्यात आणि स्वयंपाकात किती जातं? वीस-पंचवीस. बाकीचं अडीचशे लिटर पाणी मोरीतून बाहेर पडतं, रोज. पूर्वी विहिरीवरून गुंड डोक्यावर घेऊन यावी लागायची तेव्हा बाई पाणी थेंबाथेंबानं वापरायची. सांडपाणी आळूच्या आणि केळीच्या बुडाशी संपून जायचं. नळ दारात आला हे फार चांगलं झालं. माझ्या आईच्या मानेचं दुखणं मी बघितलेलं आहे. पण पाणी घरात येण्याची वाट आखली गेली तेव्हा घराबाहेर जाण्याची कुणी आखली नाही. नाली बांधली ती वीस घरांपुरती, आणि पुढं ती कुठं जाते हे विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतात. सिमेंटची, छान, सपाट नाली. उतारच नाही! मातीच्या नालीतलं पाणी निदान जिरत होतं. सिमेंटच्या नालीत ते वर्षभर उभं असतं. विकासाच्या फलकासह उभं केलेलं क्युलेक्सचं प्रसूतिगृहच ते.

नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीनं घरोघर शोषखड्डे करून नाल्याच बंद केल्या आणि डास घालवले. त्याचं राज्यभर नाव झालं. खोल खड्डा, त्यात भोकं पाडलेली टाकी, भोवती दगड-गोटे. पाणी जमिनीत जातं, वर काही दिसत नाही. आपल्याकडेही ते करावं, पण आंधळेपणानं करू नये. ज्या गावात तलावाच्या पाळीखाली चार फुटांवर पाणी लागतं, किंवा जमीन चिकणमातीची आहे, तिथं शोषखड्डा पहिल्याच बरसातीत तुंबतो आणि मग तोच डासांचं घर होतो. तिथं सांडपाणी परसबागेत फिरवणं बरं. केळी, आळू, कर्दळ. आमच्या आज्यांनी केलं तेच. खड्ड्याचा फोटो काढून योजना पूर्ण होते, पण पाणी फोटो बघून जिरत नाही.

आणखी एक जागा आहे, तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. संडास झाले, चांगली गोष्ट झाली. त्याच्या टाकीतून वर गेलेला पाइप बघा. वरचं तोंड उघडं असतं. क्युलेक्स तिथून आत जातो, अंडी घालतो, पिल्लं वर येतात. त्या तोंडावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा सुतळीनं बांधायचा. खर्च शून्य. मी सभागृहात येताना वाटेतल्या घरांचे पाइप मोजत आलो. एकावर जाळी होती. ते घर भाऊंचं.

बाकी डासांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण वेळ बेताचा आहे. डेंग्यूचा एडिस डास उलट स्वच्छतावादी. त्याला नाली चालत नाही, त्याला हवा तुमचा रांजण, फ्रिजच्या मागचा ट्रे, टायर, आणि आपल्या विदर्भाचं दैवत म्हणजे कूलर. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की आपण कूलर बंद करतो आणि टाकीतलं पाणी तसंच ठेवतो. एडिसची खोड अशी, की तो अंडी पाण्यात घालत नाही, पाण्याच्या काठावर, भांड्याच्या भिंतीला चिकटवतो. आणि ती कोरडी राहूनही कित्येक महिने जिवंत असतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही. आतून घासावं लागतं. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं आशाताई सांगतात तेव्हा ‘कोरडा’ या शब्दात घासणं धरलेलं असतं. आपल्या भंडाऱ्याच्या पितळी गुंडी आपण चिंचेनं घासून उपड्या घालायचो. तीच सवय प्लास्टिकच्या ड्रमला लावायची, एवढंच.

धानाच्या बांध्यांमधलं पाणी आणखी निराळं. तिथं हिवतापाचा अॅनोफिलिस होतो आणि जपानी मेंदूज्वराचा डासही. या मेंदूज्वराचा विषाणू बगळ्यांत आणि डुकरांत वाढतो, म्हणून डुकरं घरापासून लांब हवीत. बांधी तर कुणी कोरडी करायला सांगणार नाही. तिथं उपाय म्हणजे मच्छरदाणी आणि लस. आपल्या जिल्ह्यात बाळाला नवव्या महिन्यानंतर आणि पुन्हा दीड वर्षाच्या सुमाराला ती देतात. कार्डावर शिक्का आहे का ते आज घरी जाऊन बघा. आणि एक कीटक असा आहे ज्याला पाणीच लागत नाही. सँडफ्लाय, म्हणजे वाळूमाशी. मातीच्या भिंतीच्या भेगा, गोठ्यातली ओल, शेणाचा ढीग, हे तिचं घर. चांदीपुरा विषाणू ती नेते. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुऱ्यात तो सापडला, म्हणून जगभरच्या पुस्तकांत आपल्या विदर्भातल्या एका खेड्याचं नाव गेलं. असा मान कुणालाच नको. पोर सकाळी खेळतं, दुपारी तापतं, संध्याकाळी झटके येतात, इतका हा आजार वेगवान असतो. अशा वेळी अंगारा लावायला वाट वाकडी करू नका. भिंतीच्या भेगा लिंपणं ही दिवाळीची शोभा नाही, औषध आहे.

आता कबड्डीवाल्या मुलाकडे येऊ.

डास नाहीसे करणं महत्त्वाचं आहे, पण हत्तीरोगात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. या किड्याची संख्या डासाच्या पोटात वाढत नाही. हिवतापाचा जंतू डासात हजारोंनी वाढतो. इथं दोन पिल्लं गेली तर फार तर दोनच बाहेर येतात. म्हणून हा रोग एका चावण्यानं होत नाही, वर्षानुवर्षं शेकडो चावे लागतात. आणि जनावरांत हा किडा राहत नाही. माणसाच्या रक्तातली पिल्लं काही वर्षं संपवली, तर डास कितीही चावोत, त्यांना न्यायला काही उरत नाही. गोळ्यांची मोहीम या एका हिशेबावर उभी आहे.

पहिली गोळी डीईसी. ती ज्या प्रयोगशाळेत १९४७ च्या सुमारास तयार झाली तिथले संशोधनप्रमुख होते येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रात भीमावरमला जन्मलेले, अमेरिकेत आयुष्य काढलेले. दुसरी अल्बेंडाझोल, जंताची. तिसरी आयव्हरमेक्टिन, जपानमध्ये सातोशी ओमुरा यांनी एका गोल्फ मैदानाजवळच्या मातीतून आणलेल्या जिवाणूपासून ती निघाली, आणि विल्यम कॅम्पबेल यांच्यासह त्यांना २०१५ चं नोबेल मिळालं. तिन्ही गोळ्या एकत्र देण्याचा प्रयोग देशात ज्या पहिल्या काही जिल्ह्यांत झाला त्यात शेजारचा नागपूर जिल्हा होता, २०१९ मध्ये. दोन वर्षांखालचं मूल, गरोदर बाई आणि फार आजारी माणूस सोडून बाकी सगळ्यांनी या मोहिमेत गोळ्या घ्यायच्या. पाच वर्षांखालच्यांना तेवढी आयव्हरमेक्टिन नाही. वर्षातून एकदा. देशानं २०२७ पर्यंत हा रोग हटवायचं ठरवलं आहे.

आणि इथं आपण अडतो. “मले काहीच झालं नाही, मंग गोळी कायले खाऊ?” हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे, की झोपेतही उत्तर देईन. ज्याचा पाय सुजून खांबासारखा झाला आहे, त्याच्या रक्तात बहुतेक वेळा पिल्लं सापडत नाहीत. तो रोगी आहे, पण रोग पसरवत नाही. पसरवतो तो कबड्डी खेळणारा. ज्याला काहीच झालेलं नाही तो. आपण मात्र सुजलेल्या पायाच्या माणसाच्या शेजारी जेवायला बसत नाही, आणि कबड्डीवाल्याच्या गळ्यात हार घालतो.

दुसरी तक्रार, गोळीनं चक्कर येते, मळमळतं, अंग गरम होतं. येतं. ज्याच्या रक्तात पिल्लं असतात त्याला जास्त येतं, कारण ती मरत असतात. दिवसभरात उतरतं. पण एखाद्या शाळेत चार पोरांना मळमळलं की दुसऱ्या दिवशी अख्ख्या गावची दारं बंद. मग आशाताई गोळ्या देते, लोक घेतो म्हणतात, खिशात टाकतात. भाऊ त्याला ‘खिशातली गोळी’ म्हणायचे. ते म्हणायचे, साहेब, आपल्या जिल्ह्यातल्या सदऱ्यांच्या खिशांना हत्तीरोग कधीच होणार नाही.

आता माझीच गोष्ट सांगतो. एका वर्षी मोहिमेत मी दिवसभर गावात फिरलो, भाषणं दिली, म्हाताऱ्यांना हात जोडले. संध्याकाळी नोंदवही भरताना भाऊंनी शांतपणे विचारलं, “साहेब, तुमची गोळी?” मी घेतली नव्हती. तीन वर्षांत एकदाही घेतली नव्हती. मनात तेच होतं, मला काय झालंय? डॉक्टरला कशाला? भाऊंनी तांब्या पुढं केला. मी गोळ्या गिळल्या आणि त्यांनी वहीत माझं नाव लिहिलं, गावातल्या शेवटच्या घराच्या खाली. रात्री मला चांगलं मळमळलं. त्याचा अर्थ मी आजही लावत बसत नाही.

लोकसंख्येच्या किमान ६५ टक्के माणसांच्या पोटात गोळी गेली तर साखळी तुटू लागते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे. पोटात म्हटलंय, वाटप नाही. श्रीलंकेनं हे केलं. २०१६ मध्ये त्या देशातून हत्तीरोग सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून हटल्याचं जाहीर झालं. श्रीलंका हा आपल्यासारखाच तळ्यांचा आणि भातखाचरांचा मुलूख. त्यांनी त्यासाठी एकही तळं बुजवलं नाही.

ज्यांचे पाय आधीच सुजले आहेत त्यांचं काय? गोळीनं जुनी सूज जात नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पुरुषांच्या अंडवृद्धीला शस्त्रक्रिया आहे, साधी आहे, सरकारी रुग्णालयात होते. धोतराआड वीस वर्षं लपवून काढलेले लोक मी बघितले आहेत. पायाला मात्र रोजची निगा लागते, आणि ती सवय भाऊंनी लावलेली मी जवळून पाहिली.

मोहाडीकडची एक बाई होती. जुलैत रोवणीला जायची, दिवसभर चिखलात वाकून. उजवा पाय सुजलेला. दर पावसाळ्यात तिला थंडी वाजून ताप यायचा, पाय लाल होऊन ठणकायचा, आठ-दहा दिवस मजुरी बुडायची. ती म्हणायची, बाहेरचं आहे. भाऊंनी तिच्या पायाची बोटं फाकवून मला दाखवली. मध्ये चिखल्या. पांढरी, भिजलेली, फाटलेली कातडी. या फटीतून जंतू आत जातात, आणि ज्या पायाचा लसिकेचा रस्ता बंद आहे तिथं ते मोकाट वाढतात. ताप त्याचा. आणि असा प्रत्येक ताप पायाची सूज थोडी वाढवून जातो.

भाऊंनी तिच्या घरातलं पितळेचं गंगाळ मागवलं. सासूच्या लग्नातलं, भंडाऱ्याचं, काठाला पोचे आलेलं. साधं पाणी, गरम नाही. अंगाचा साबण. त्यांनी साबण आधी हातावर फेसला आणि मग फेस पायाला लावला, वरून खाली, घड्यांमधून, प्रत्येक बोटाच्या मधून. घासलं नाही. मूल धुतात तसं. मग पाणी ओतलं, साबणाचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत. आणि मग ज्यात सगळी कला आहे ते केलं. जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यानं टिपलं. बोटांच्या मध्ये कापड घालून थांबले, काढलं, कोरडं टोक घालून पुन्हा थांबले. कुठली फट ओली नाही ना, हे टॉर्च धरून बघितलं. चिखल्यांना मलम लावलं. रात्री पायाखाली उशी किंवा खाटेच्या पायथ्याला दोन विटा. बसल्या जागी टाच वर-खाली. बास, एवढंच. त्या बाईनं मला विचारलं, डॉक्टर, एवढंच असतं तर इतकी वर्षं कुणी सांगितलं का नाही? मी गंगाळातल्या पाण्याकडे बघत राहिलो.

पुढच्या पावसाळ्यात तिला ताप आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी एकदा आला. पाय बारीक झाला नाही, पण वाढला नाही, आणि रोवणी एकदाही बुडाली नाही. शेवटची भेटली तेव्हा तिनं गंगाळाचे पोचे तांबटाकडून काढून घेतले होते.

बोलणं लांबलं. दहा फेब्रुवारीपासून गोळ्यांची फेरी सुरू झाली आहे हे तुम्हाला माहीतच आहे. मागच्या टेबलावर दोन आशाताई बसल्या आहेत, त्यांच्याजवळ गोळ्या आहेत आणि उंची मोजायची पट्टी आहे. उपाशीपोटी घ्यायच्या नाहीत, म्हणून वाचनालयानं तर्रीपोहे केले आहेत. आधी पोहे खा. मग रांगेत या आणि तिथंच, त्यांच्या समोर, पाण्याबरोबर घ्या. अल्बेंडाझोल तेवढी चावून. अध्यक्षांनी पहिला नंबर लावायचं कबूल केलं आहे. दुसरा माझा आहे.